'मोमो'वाले मिखाएल एंडे बिटकॉइनच्या बाजूने असते का?

वेळूचं_बन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकली कुणाची कुरकुरीत यावरून सुरू झालेली चर्चा परवा भलतीकडेच गेली. माझ्या आतेभावाने (वय ३१, पगाराचा चौथा हिस्सा दर महिन्याला बिटकॉइनमध्ये) एक चित्र टाकलं. राखाडी कोट, राखाडी टोप्या घातलेली माणसं सिगार ओढतायत, वर लिहिलंय 'बँका'. खाली भाऊसाहेबांची टीप: 'एंडे आज असते तर पहिल्या दिवसापासून आपल्यात असते.'

आता 'मोमो' हे माझं पुस्तक. म्हणजे चार वेळा वाचलेलं, पाठीची शिवण सुटलेलं, भाचीलासुद्धा उसनं न दिलेलं. तेव्हा मी गप्प बसणं शक्य नव्हतं. पण ग्रुपवर आत्या आहेत, त्यांना चकलीत रस आहे, म्हणून भांडण इथे आणलंय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: एंडे हे जर्मन लेखक, जन्म नोव्हेंबर १९२९, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यानंतर दोन आठवड्यांनी. वडील एडगार एंडे चित्रकार, नाझींनी त्यांच्या चित्रांवर बंदी घातलेली. 'मोमो' आलं १९७३ साली, एंडे तेव्हा रोमजवळ राहत होते. एक अनाथ पोरगी एका पडक्या रंगमंडलात राहते, लोकांचं नीट ऐकून घेते, एवढंच तिचं कसब. मग शहरात राखाडी माणसं येतात. ती 'वेळ बचत बँके'ची एजंट आहेत.

त्यातला न्हाव्याचा प्रसंग मला कायम आठवतो. फूसी नावाचा न्हावी, वय ४२, पावसाळी दिवशी दुकानाच्या दारात उभा. एजंट येतो आणि आरशावर राखाडी पेन्सिलीने हिशोब मांडतो. ४२ वर्षं म्हणजे १,३२,४५,१२,००० सेकंद. आता वजाबाकी. झोप ४४,१५,०४,०००. काम तेवढंच. जेवण ११,०३,७६,०००. म्हाताऱ्या बहिऱ्या आईजवळ रोज तासभर बसतो ते ५,५१,८८,०००. पाळलेल्या छोट्या पोपटाला रोज पाव तास, १,३७,९७,०००. बाजारहाट, मित्र, गाणं, पायाने अधू असलेल्या एका बाईंना रोज एक फूल नेऊन देणं, रात्री खिडकीत बसून दिवस आठवणं. सगळं वजा केल्यावर उरतं शून्य. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. बेरीज सेकंदाला सेकंद जुळते! पोरांच्या पुस्तकात माणसाने एवढा काटेकोर ताळा ठेवलाय.

मग एजंट म्हणतो, वाचवा. आईला आश्रमात पाठवा, पोपट देऊन टाका. वाचवलेला वेळ आमच्याकडे ठेवा, दर पाच वर्षांनी दुप्पट. ४० वर्षांनी २५६ पट.

आता मुद्दा. १९८६ साली वेर्नर ओन्केन नावाच्या एका अर्थशास्त्रज्ञाने 'मोमो'मागे सिल्व्हिओ गेझेल या जर्मन विचारवंताचा 'म्हातारा होणारा पैसा' आहे असं लिहिलं. एंडेंनी त्याला उत्तर पाठवलं की हो, आहे, आणि हे ओळखणारे तुम्ही पहिलेच. म्हणजे आपण ओढूनताणून अर्थ काढतोय असं नाही, खुद्द लेखकाने कबूल केलंय. गेझेलचं म्हणणं थोडक्यात: कांदा सडतो, लोखंड गंजतं, कापडाला कसर लागते, पैसा मात्र तसाच राहतो. म्हणून पैसेवाला थांबू शकतो आणि कांदेवाला थांबू शकत नाही. व्याज हे त्या थांबू शकण्याचं भाडं आहे. तेव्हा पैसाही झिजला पाहिजे.

आणि बिटकॉइन? न झिजणारा, २ कोटी १० लाखांवर कुंपण घातलेला, 'विकू नका, धरून ठेवा' हाच ज्याचा मंत्र. माझ्या मते एंडेंनी तो लांबूनच बघितला असता. तुम्हाला काय वाटतं?

चिंचगूळ

चहा घेऊन येते. जागा धरून ठेवा.

सातोशी_सातारकर

धागा आवडला, निष्कर्ष नाही.

आधी तुमच्या भावाची बाजू घेतो, बिचारा एकटा दिसतोय. बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकमध्ये (म्हणजे त्याच्या व्यवहारांच्या वहीच्या पहिल्या पानात), ३ जानेवारी २००९ रोजी, त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरलाय. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात आहेत, असा. ज्यांनी लोकांची घरं बुडवली त्यांनाच लोकांच्या करातून पैसे. या रागातून जन्मलेलं चलन एंडेंना परकं वाटलं असतं? मला नाही वाटत.

दुसरं, तुम्ही सांगता तो एजंट काय करतो? दर पाच वर्षांनी दुप्पट देतो म्हणतो आणि हिशोबाची वही स्वतःकडे ठेवतो. फूसीला ती कधी बघायलाही मिळत नाही. बिटकॉइनमध्ये कुणी दुप्पट देतो म्हणत नाही (यूट्यूबवरचे टगे म्हणतात, ते सोडा) आणि वही सगळ्या जगासमोर उघडी आहे. राखाडी माणसांचा धंदा अंधारावर चालतो. इथे अंधारच नाही.

निवृत्त_रोखपाल

दर पाच वर्षांनी दुप्पट हे वाचून हसू आलं. म्हणजे वर्षाला जवळजवळ १५ टक्के चक्रवाढ. आमच्या बँकेच्या समोरच एका पतपेढीचा फलक होता, 'दामदुप्पट ६१ महिने'. जर्मनीतल्या राखाडी माणसापेक्षा आमच्याकडचा एकाच महिन्याने मागे!

माझ्या मेहुण्याने फंडाचे पैसे तिथे टाकले. मी नको म्हटलं तर म्हणाला, भाऊजी, तुम्ही बँकवाले दुसऱ्याचं भलं बघवत नाही तुम्हाला. पतपेढी बसली. तो अजूनही प्रशासकाकडे खेपा घालतो. संचालक मंडळातले दोघे वारले, फलक अजून तसाच आहे.

गंमत अशी की 'दामदुपट' हा शब्द मुळात उलट अर्थाचा. जुना हिंदू कायदा, मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानत. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. म्हणजे दुप्पट ही सावकाराला घातलेली वेस होती. आम्ही तिचं आमिष केलं. एंडेसाहेबांना हे कुणी सांगायला हवं होतं.

वेळूचं_बन

काका, दंडवत घ्या. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

@सातोशी, वही उघडी आहे हे मान्य. पण एंडेंची तक्रार वही झाकलेली आहे एवढीच नव्हती. १९९४ साली, वारण्याच्या वर्षभर आधी, त्यांनी जपानच्या एनएचके वाहिनीसाठी बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. पुढे १९९९ मध्ये त्यावर कार्यक्रम झाला आणि जपानात गावोगावी स्थानिक चलनांची चर्चा सुरू झाली. (तिकडे ते फार वाचले जातात. त्यांची दुसरी पत्नी मारिको सातो यांनी त्यांच्या काही पुस्तकांचं जपानी भाषांतर केलंय.) त्यात त्यांचं म्हणणं असं होतं की बेकरीत पाव घ्यायला देतो तो पैसा आणि शेअरबाजारात भांडवल म्हणून फिरतो तो पैसा, या दोन वेगळ्याच जाती आहेत, आपण उगाच एका नावाने हाक मारतो.

आता सांग, तुझा बिटकॉइन यातला कुठला? साताऱ्यात कंदी पेढे घेतलेस का कधी त्याने?

सातोशी_सातारकर

पेढे नाही. पण २२ मे २०१० रोजी फ्लोरिडात एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले होते. तेव्हा तो पावाचाच पैसा होता.

चिंचगूळ

आणि त्या माणसाला आजवर जग मूर्ख म्हणतंय! तुमच्या सगळ्या मंडळींत त्याने एकट्यानेच तो पैशासारखा वापरला, आणि त्याचीच दरवर्षी टर उडवता. एंडे असते तर त्यांनी त्या पिझ्झावाल्याला नायक केला असता.

(चहा आणला. खारी पण आहे.)

प्रा_दुहेरी_नोंद

चर्चा चांगली चाललीय, पण गेझेलला फुकटचं डोक्यावर घेऊ नका.

हा माणूस ब्यूनोस आयर्समध्ये व्यापारी होता. १८९० च्या सुमाराचं अर्जेंटिनातलं आर्थिक अरिष्ट त्याने दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहिलं, त्यातून विचार सुरू झाला. एप्रिल १९१९ मध्ये बव्हेरियात जे औटघटकेचं क्रांतिकारी सरकार आलं त्यात तो अर्थमंत्री झाला. जेमतेम आठवडाभर. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ च्या ग्रंथात त्याला विचित्र आणि नाहक दुर्लक्षित प्रेषित म्हटलंय.

त्याच्या कल्पनेची खरी परीक्षा झाली ऑस्ट्रियातल्या व्योर्गलमध्ये. टिरोलमधलं चार हजार वस्तीचं गाव, मंदीने गिरण्या बंद, नगरपालिकेची करवसुली थकलेली. महापौर उंटरगुगनबर्गर हा पूर्वी रेल्वेत कारागीर. जुलै १९३२ पासून पालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या, १, ५ आणि १० शिलिंगच्या. दर महिन्याला नोटेच्या किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट विकत घेऊन तिच्यावर चिकटवायचं, नाहीतर ती पूर्ण किमतीने चालणार नाही. १० शिलिंगच्या नोटेला महिन्याला १० ग्रोशनचं तिकीट. साहजिकच महिनाअखेरीला जो तो नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारायला धावे. लोक थकलेला कर भरू लागले, काही जण पुढचाही. एका वेळी फिरणारी रक्कम साडेपाच हजार शिलिंगच्या आसपास, पण तेवढ्यात रस्ते झाले, पूल झाला, बर्फावरून उड्या मारायचा उतारसुद्धा झाला. सप्टेंबर १९३३ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या आग्रहावरून बंद.

भक्तमंडळी इथे थांबतात. मी थांबत नाही. कर आगाऊ भरला म्हणजे उद्याचं उत्पन्न आज आलं, ते कायमचं वाढलं असं नव्हे. आणि केन्सची हरकत तर बिनतोड आहे. नोटेला तिकीट लावाल तर लोक नोट टाकून दुसरं काहीतरी धरतील: बँकेतली ठेव, परकी चलनं, दागिने, सोनं. झीज चुकवायला माणूस नेहमी न झिजणारी वस्तू शोधतो.

१९३६ च्या त्या यादीत आज बिटकॉइन घाला. गेझेलच्या योजनेला पडलेलं भोक म्हणजेच बिटकॉइन. त्यामुळे एंडे गेझेलचे खरे शिष्य असतील तर धागाकर्ती बरोबर आहे. माझा प्रश्न एवढाच की गुरू बरोबर होता का.

अवांतरराव

अवांतर: एंडे सोडा, केनेथ ग्रॅहमचं काय? 'विंड इन द विलोज'वाला. हा बुवा चक्क बँक ऑफ इंग्लंडचा सचिव होता, १८९८ ते १९०८! नोव्हेंबर १९०३ मध्ये एक माथेफिरू बँकेत शिरला आणि त्याने यांच्यावर पिस्तूल झाडलं. गोळ्या चुकल्या. पाच वर्षांनी राजीनामा, आणि त्याच वर्षी नदीकाठच्या उंदीर-चिचुंद्रीचं पुस्तक. आता यात तो बेडूक, मिस्टर टोड. आज होडी, उद्या घोडागाडी, परवा मोटार. प्रत्येक वेळी हेच अंतिम सत्य, बाकी सगळे जुनाट. मोटार उलथली तरी डोळ्यांत तेच तेज. २०२१ साली माझ्या ऑफिसात असे तीन टोड होते.

अवांतरराव

अवांतर २: ओझच्या जादूगारावर कुणीच बोललं नाही? पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोन्याचं चलन, डोरोथीचे चांदीचे बूट म्हणजे चांदीवाल्यांची मागणी, हे १९६४ साली लिटलफील्ड नावाच्या शिक्षकाने मांडलं. सिनेमात बूट लाल केले आणि मुद्दाच गेला.

वेळूचं_बन

अवांतरराव, ओझचा अर्थ वाचकांनी नंतर लावला. एंडेंनी मात्र स्वतः पत्र लिहिलंय. फरक आहे. पण टोड झकास.

मोहोर_बव्हेरिया

बरेच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मी रोझनहाइमजवळ राहते, आणि असा म्हातारा होणारा पैसा माझ्या पाकिटात होता!

कीमगाउअर म्हणतात. २००३ मध्ये प्रीन या तळ्याकाठच्या गावात वाल्डोर्फ शाळेतले एक शिक्षक आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी सुरू केलं. (एंडे स्वतः स्टुटगार्टच्या वाल्डोर्फ शाळेत शिकलेले. त्या शाळांचे जनक रुडॉल्फ स्टायनर, त्यांनीही १९२२ च्या व्याख्यानांत पैसा म्हातारा व्हावा असं मांडलं होतं. तेव्हा हे गेझेलकडूनच आलं असं नाही, दोन ओढे आहेत.) एक कीमगाउअर म्हणजे एक युरो. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे दर तिमाहीला नोट २ टक्के झिजायची, ते तिकीट चिकटवून भरायचं. दुकानदाराला परत युरो हवे असतील तर ५ टक्के कापायचे, त्यातले ३ टक्के गिऱ्हाईकाने निवडलेल्या संस्थेला. आमचे ३ टक्के मुलीच्या शाळेला जायचे.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. तिमाही संपायच्या आदल्या आठवड्यात बेकरीत बाया पर्स उपसून नोटा शोधायच्या. मीही. नको असलेली दुसरी पावाची लादी घेऊन घरी यायचे. नवरा म्हणायचा, २ टक्के वाचवायला तू साडेतीन युरोचा पाव आणलास! बेकरीवाली बाई त्याच नोटा घेऊन पीठवाल्याकडे जायची, त्याचीही तीच घाई. एकदा हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात १० ची नोट सापडली, तीन तिमाह्या उलटलेली. बेकरीवालीने ती उन्हात धरली, रिकामे चौकोन बोटाने मोजले आणि म्हणाली, हिची तब्येत बरी दिसत नाही. तिकिटं मीच घेतली.

गाव बदललं का? नाही. जे आधीच बाजारातून घेत होते तेच घेत राहिले, सुपरमार्केटवाले सुपरमार्केटात. पण त्या बाईचं नाव मला कळलं ते त्या नोटेमुळे.

चिंचगूळ

'हिची तब्येत बरी दिसत नाही.' माझ्या एसआयपीबद्दल मी हेच म्हणणार आता.

सातोशी_सातारकर

मोहोरताई, सुंदर लिहिलंत.

एक माहिती देतो, माझ्याच विरुद्ध जाणारी. तुम्ही म्हणता तसं झिजणारं क्रिप्टो (बिटकॉइनसारखं डिजिटल चलन) निघालं होतं. फ्रायकॉइन, २०१२ साली, नाव सरळ गेझेलच्या 'फ्रायगेल्ड'वरून. वॉलेटमध्ये पडून राहिलं तर वर्षाला सुमारे ५ टक्के झीज. तिकिटाचा डिंक नको, कोडच कापून घेई. तंत्र म्हणून चोख, पण कुणी विचारलं नाही. लोकांपुढे दोन नाणी ठेवा, एक झिजणारं, एक न झिजणारं, कुठलं उचलतील? प्राध्यापकांनी सांगितलेलं केन्सचं म्हणणं इथे जसंच्या तसं उतरलं. म्हणून मी म्हणतो, एंडेंना न्याय्य पैसा हवा होता हे खरं, पण तो कुणाच्या गळी कसा उतरवणार?

गौरी_नाशिक

मला एक वेगळंच खटकतंय. १९८४ मध्ये त्यांच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'वर सिनेमा निघाला. एंडेंना तो पाहून इतका संताप आला की कोर्टात गेले. खटला हरले, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. जिवंतपणी आपल्या गोष्टीला दुसऱ्याचा रंग लागलेला ज्याला खपत नव्हतं, त्याला मेल्यावर आपण कुठल्या तंबूत बसवायचं यावर मतं मागवतोय. आतेभावाचं चित्र आणि हा धागा, दोन्ही त्यांनी कोर्टात नेले असते.

वेळूचं_बन

गौरी, चपराक मान्य. बचावात एवढंच की आतेभावाने सुरू केलं.

चिंचगूळ

मला पैशाचं कळत नाही, सिगारचं कळतं. त्या राखाडी माणसांच्या सिगारी कशाच्या असतात आठवतंय का? लोकांच्या हृदयात उमलणारी वेळेची फुलं चोरून, गोठवून, सुकवून त्यांच्या पाकळ्यांच्या वळतात. म्हणजे मेलेला वेळ जाळायचा, धूर सोडायचा आणि त्या धुरावर जगायचं. सिगार हातातून पडली की माणूस हवेत विरतो. मागे मी बिटकॉइन मायनिंगच्या (नवी नाणी पाडायच्या आणि वही राखायच्या) गोदामाचा व्हिडिओ पाहिला. पंख्यांची घरघर, मांडण्यांवर हजारो यंत्रं, वीज खाऊन नुसती गरम हवा बाहेर टाकतायत. मला तीच सिगार दिसली.

सातोशी_सातारकर

@चिंचगूळ, वीज लागते ती वहीत कुणी खाडाखोड करू नये म्हणून. फुकट नाही जळत. पण चित्र डोक्यातून जाणार नाही आता. धन्यवाद, बरं का.

निवृत्त_रोखपाल

एक शंका. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी ई-रुपयाची (स्वतःच्या डिजिटल रुपयाची) चाचणी सुरू केली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये जो टिपणग्रंथ काढला त्यात असा पैसा 'प्रोग्राम' करता येण्याचा उल्लेख आहे. ठरावीक कामासाठीच खर्च होईल असा, किंवा मुदतीत खर्चला नाही तर संपेल असा. मग हाही म्हातारा होणाराच पैसा ना? एंडेंनी याचं स्वागत केलं असतं का? मला तर वाचून अंगावर काटा आला होता. मुदत संपलेला धनादेश मी ३६ वर्षं परत करत आलो, पण मुदत संपलेली नोट?

प्रा_दुहेरी_नोंद

काका, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

वेळूचं_बन

काका, यावर दोन दिवस विचार केला, म्हणून उशीर.

वरवर बघता गेझेलने सांगितलं तेच रिझर्व्ह बँक करू शकते. पण मोहोरच्या बेकरीत नोट म्हातारी झाली तेव्हा दोघी बायांनी ती उन्हात धरून पाहिली. व्योर्गलमध्ये ज्याने नोटा काढल्या तो महापौर त्याच रस्त्यावरून घरी जायचा. झीज सगळ्यांना सारखी, आधी ठाऊक असलेली, आणि ती रक्कम गावातच राहणारी. मुंबईतल्या कुठल्या सर्व्हरने माझा रुपया ३१ मार्चला मारला तर ते म्हातारपण नव्हे, तो खून आहे. (जास्त झालं का? असू दे.)

मला वाटतं 'कोण काढतो' आणि 'पैसा थांबू शकतो का' हे दोन प्रश्न आहेत. बिटकॉइनवाले पहिल्यावर भांडतात: सरकार नको, बँक नको, गणित हवं. दुसरा प्रश्न ते विचारतच नाहीत, उलट थांबण्याला बक्षीस देतात. ई-रुपया दुसऱ्याला हात घालू शकतो, पण पहिल्याचं उत्तर 'आम्हीच' असं देतो. एंडेंना दोन्ही एकदम हवं होतं. फूसीच्या दुकानाएवढ्या जागेत ते जमतं, त्याहून मोठं झालं की नाही, असं मला आता वाटू लागलंय. म्हणजे प्राध्यापकांच्या शंकेत दम आहे. धागा टाकताना माझी एवढी तयारी नव्हती.

पण @सातोशी, बिटकॉइन त्यांनी घेतला नसता यावर मी अजून ठाम.

मोहोर_बव्हेरिया

+१. आणि घेतला असता तरी त्याची चावी (म्हणजे गुप्त पासवर्ड) कुठे ठेवली ते विसरले असते.

अवांतरराव

अवांतर ३: वेळ साठवायचाच झाला तर आमच्या सोसायटीची भिशी बघा. बारा बायका, बारा महिने, व्याज शून्य, पैसा एक दिवसही थांबत नाही. आल्या आल्या ज्या बाईचा नंबर तिच्याकडे. गेझेलला दादर स्टेशनवर उतरवून घ्यायला हवा होता.

चिंचगूळ

आणि भिशीला पोहे असतात. बिटकॉइनला काय असतं?

निवृत्त_रोखपाल

भिशी घेऊन पळालेल्या बाईही मी पाहिल्यात. पण पोहे असतात हे खरं.

सातोशी_सातारकर

मंडळी, एक कबुलीजबाब.

काल रात्री ते पुस्तक किंडलवर घेतलं. (नाही, बिटकॉइनने नाही. कार्डाने.) न्हाव्याच्या प्रसंगापर्यंत आलोय. आकडे जुळतात म्हणालात ते खरंय, स्प्रेडशीटमध्ये घालून पाहिले, बरोब्बर शून्य.

मग म्हटलं आपलाही हिशोब मांडावा. मोबाइल सांगतो की भाव बघायच्या ॲपवर माझी रोजची सरासरी ४७ मिनिटं. सौदे नाहीत, नुसतं बघणं. मी तर विकतही नाही, धरून ठेवणारा माणूस, मला भावाशी काय करायचंय? तरी ४७ मिनिटं. चार वर्षांचे झाले ४१ लाख १७ हजार २०० सेकंद. सलग धरले तर ४७ दिवसांहून जास्त.

तुमचा तो फूसी पोपटाला रोज पंधराच मिनिटं देत होता.

वेळूचं_बन

आणि एजंटाला तीच उधळपट्टी वाटली होती.

सातोशी_सातारकर

हो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याच्याकडे निदान पोपट होता, तुझा झालाय.